लातूरचे पुलवाले मिस्त्री आणि तीन बिजागऱ्यांची कमान

लातूरला गंजगोलाईतून जे सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या एकावरून आत वळलं की पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकामाचं एक दुकान लागतं. पाटी नाही. पलंग, कपाटं, दारं-चौकटी आणि मध्ये वेळ मिळाला तर सेंट्रिंगचे फर्मे, म्हणजे काँक्रीट ओतायचे लाकडी साचे, असा त्यांचा धंदा. या दुकानातून मी एका पुलाची प्रतिकृती करून घेतली. सिमेंटची, सव्वादोन मीटर गाळ्याची, म्हणजे कमानीच्या दोन पायांमधलं अंतर तेवढं. दहा महिने झाले, ती औसा तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत उभी आहे. मुलं रोज तिच्याभोवती असतात. शाळेसाठी किंवा कॉलेजसाठी असं काम कुणाला करून घ्यायचं असेल म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. मिस्त्रींनी नाव आणि नंबर टाकू नका असं बजावलंय, कारण फोन घेत बसलं की रंधा थांबतो. गोलाईत ‘पुलवाले मिस्त्री’ म्हणून विचारा, दाखवतील.

मी तंत्रनिकेतनात एकोणतीस वर्षं स्थापत्य विभागात शिकवलं. कमानीचा धडा आला की फळ्यावर दरवर्षी एकच पूल काढायचे: स्वित्झर्लंडमधला साल्गिनाटोबेल. ग्राउब्युंडेन प्रांतात शिर्स नावाचं गाव आहे, आणि डोंगरावर शुडर्स नावाची वस्ती. मधे साल्गिना ओढ्याची खोल घळ. त्या वस्तीला रस्ता हवा होता म्हणून हा पूल झाला. मोठ्या शहराचा नाही, राजमार्गाचा नाही, एका वस्तीचा पूल. गाळा ९० मीटर, कमानीचा उठाव, म्हणजे पायथ्यापासून माथ्याची उंची, १३ मीटर, रस्ता जेमतेम साडेतीन मीटर रुंद. रॉबर्ट मायार या इंजिनिअरनं तो केला आणि १९३० साली तो पुरा झाला. स्पर्धेत १९ प्रस्ताव आले होते. मायारचा सगळ्यांत स्वस्त होता म्हणून तो निवडला गेला. १९९१ साली अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेनं त्याला आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा मान दिला. जगातल्या इंजिनिअरांनी ज्याच्यासमोर टोपी काढली तो पूल मुळात पैसे वाचवायच्या हिशेबातून आला, हे मी प्रत्येक वर्गाला सांगायचे, कारण आमच्या मुलांना पुढे आयुष्यभर पैसे वाचवायच्या हिशेबातच कामं करायची असतात.

पण फळ्यावरच्या चित्रानं काम भागत नाही, हे मला दरवर्षी जाणवायचं. आपल्या भागात मजबूत म्हणजे जाड. वाड्याची भिंत अडीच हात, पुलाचा खांब चार माणसांच्या कवेत न मावणारा, तरच मन धजतं. कुणी बारीक खांब उभा केला की येणारा-जाणारा म्हणतो, ‘हे टिकंल का?’ ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारीत आणि आजूबाजूच्या गावांत हजारो माणसं गेली, ती याच जाडजूड घरांखाली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, ओझं. त्या सकाळनंतर मी वर्गात वजन हा शब्द कधीच सहज उच्चारला नाही. वजन कमी करत नेणं आणि तरीही भार तोलणं, हे मायारनं जसं केलं तसं मुलांच्या हाताला कळावं, एवढीच माझी इच्छा होती.

निवृत्तीच्या पैशातून मी पहिली प्रतिकृती केली ती एका मोठ्या शहरातल्या दुकानातून. ॲक्रिलिकची, लेझरनं कापलेली, दिसायला सुरेख, पांढरीशुभ्र. खोक्यातून काढली आणि पाहिलं तर कमान एकाच जाडीची आणि सगळी चिकटवलेली. बिजागरी एकही नाही. मी नकाशावर तिन्ही जागा लाल शाईनं दाखवून दिल्या होत्या. फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, ‘मॅडम, ते दिसत नाही, म्हणून घेतलं नाही.’ दोन किलोचं वजन ठेवल्यावर ती टोकाशी तडकली. पैसे परत मिळाले नाहीत. ती अजून माझ्या माळ्यावर आहे.

त्यानंतर भाच्याच्या घराचं दार करायला म्हणून मी या मिस्त्रींकडे गेले होते. पिशवीत नकाशा होताच. दाराचं बोलणं झाल्यावर सहज उघडून दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, बोट ठेवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला:

‘ह्ये तीन ठिकाणी बारीक कामून क्येलंय?’

एकोणतीस वर्षांत हा प्रश्न आपणहून विचारणारे विद्यार्थी मला बोटांवर मोजता येतील. कमान दोन्ही पायांशी बारीक आहे आणि माथ्यावरही बारीक. दोन्ही टोकांपासून गाळ्याच्या पाव अंतरावर फुगलेली. मी म्हटलं, तिथं बिजागऱ्या आहेत. दोन पायथ्याला, एक माथ्यावर. ते हसले आणि म्हणाले, ‘मंग ह्ये तर दाराचं गणित हाय की, मॅडम. बिजागरी असंल तर चौकट हालली तरी पल्ला तुटत न्हाई.’

हेच ते. काँक्रीट उन्हाळ्यात फुगतं, थंडीत आकसतं, वाळताना आणखी आकसतं. पाया एखाददुसरा मिलिमीटर सरकतो. बिजागरी नसलेली कमान हा सगळा ताण अंगात साठवते आणि एक दिवस चिरते. तीन बिजागऱ्यांची कमान जरा वळते, जरा उठते, जरा खाली बसते आणि मोकळी होते. मे महिन्यात बेचाळीस अंशांच्या उन्हात ज्याच्या घराची दारं कधी घट्ट, कधी सैल झाली आहेत, त्याला यातलं वेगळं काही शिकवावं लागत नाही. आणि जिथं बिजागरी, तिथं वाकवणारा जोर शून्य, म्हणून तिथं माल कमी. ऊस भरलेली ट्रॉली पुलाच्या पाव अंतरावर आली की सगळ्यांत जास्त वाकवते ती पाव अंतरावरच, म्हणून तिथं माल जास्त. मायारनं जो आकार काढला तो दिसायला देखणा आहेच, पण तो जोराच्या हिशेबातून निघालेला आहे. मिस्त्रींनी हे ऐकलं, रंध्याच्या मुठीवर हात ठेवून थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘करू की.’

हे काम मी त्यांना का दिलं, तर त्या ‘करू की’ साठी नाही, त्यापुढच्या प्रश्नांसाठी. अशा कामाला ज्याच्याकडे जाल त्याला प्रश्न पडतात का, ते आधी बघा. त्यांना पडले. मायारच्या आधीच्या पुलांचं काय झालं, हे त्यांनी विचारलं. म्हणजे ‘एवढं शहाणपण त्या माणसाला कुठून आलं?’

ते मी चहा पिता-पिता सांगितलं. मायार १८७२ साली बर्नमध्ये जन्मला. झुरिचला विल्हेल्म रिटर यांच्या हाताखाली शिकला. रिटर लांबलचक आकडेमोडीऐवजी रेघा काढून जोर दाखवायचे. १९०१ साली मायारनं झुओझ गावी इन नदीवर पूल केला. तोवर काँक्रीटचा पूल म्हणजे दगडी पुलाचीच नक्कल होती: खाली कमान, तिच्यावर नुसतं ओझं म्हणून भिंती आणि रस्ता. मायारनं कमानीची फरशी, तीन उभ्या भिंती आणि वरचा रस्ता यांची मिळून एक पोकळ पेटी केली. तिन्ही भाग भार उचलायला लागले. ‘कपाटासारखं,’ मिस्त्री म्हणाले. अगदी तसंच. पाठ आणि तळ ठोकलेलं कपाट हलत नाही, तेच नुसत्या चार फळ्या असतील तर डुगडुगतं.

मग दोन वर्षांनी, १९०३ मध्ये, झुओझच्या भिंतींना चिरा पडल्या.

‘कुठं?’ मिस्त्रींनी लगेच विचारलं.

काठांजवळ, पायथ्याकडे. मधे नाही. दुसरा कुणी असता तर तिथं भिंत जाड केली असती, गज वाढवले असते. मायारनं विचार केला की जिथं भिंत चिरते आणि तरीही पूल उभा राहतो, तिथं भिंतीची गरजच नाही. १९०५ साली तावानासाला ऱ्हाइन नदीवर त्यानं ५१ मीटरचा पूल केला, त्यात ते भाग सरळ काढून टाकले. कडेला त्रिकोणी उघडी जागा राहिली. चिरांनी त्याला कुठं माल काढायचा ते दाखवलं आणि त्यातून तो आकार जन्मला. हे ऐकून मिस्त्रींनी जो चेहरा केला तो मी विसरणार नाही. त्यांनी शेडच्या कोपऱ्यातलं जुनं कपाट दाखवलं. त्याचा तळ उकलला होता आणि गिऱ्हाईक म्हणत होतं की आणखी एक पट्टी ठोका. ‘पट्टी ठोकायची न्हाई, लाकूड कुटं अडकलंय ते बगायचं,’ ते म्हणाले.

त्या तावानासाच्या पुलाचं नशीब वाईट. सप्टेंबर १९२७ मध्ये दरड कोसळली आणि तो वाहून गेला. मायारचं स्वतःचंही त्याआधी बरंच वाहून गेलं होतं. पहिल्या महायुद्धात तो कुटुंबासह रशियात अडकला, बायको तिथंच वारली, कमावलेला पैसा बुडाला. मायदेशी परतून त्याला पुन्हा पहिल्यापासून उभं राहावं लागलं. साल्गिनाटोबेल झाला तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. १९४० साली तो गेला.

आता कामाकडे येते. माप १:४० घेतलं. म्हणजे ९० मीटरचा गाळा सव्वादोन मीटर, उठाव साडेबत्तीस सेंटिमीटर, रस्ता पावणेनऊ सेंटिमीटर रुंद. कमान माथ्यावर रस्त्याएवढीच रुंद असते आणि पायथ्याकडे फाकत जाते, तिथं पंधरा सेंटिमीटर. फाकते कारण घळीत वारा आडवा मारतो. उभं राहताना आपण पाय फाकवतो तसं. कमानीची फरशी मात्र प्रमाणात बसवता आली नाही, कारण एवढ्या पातळ थरात जाळीसुद्धा झाकली गेली नसती. ती आठ मिलिमीटर ठेवली. आत दोन पदरी कोंबडजाळी, एक भाग सिमेंट आणि दोन भाग मैद्याच्या चाळणीनं चाळलेली वाळू.

माथ्यावर कपाटाच्या छोट्या दाराच्या दोन पितळी बिजागऱ्या शेजारी-शेजारी, पायथ्याला एकेक लांब पट्टीची बिजागरी. खऱ्या पुलात बिजागरी काँक्रीटचीच असते, तिथं काँक्रीट मानेसारखं अरुंद केलेलं असतं. तेवढा बदल मी मान्य केला, कारण मुलांना बिजागरी दिसायला हवी होती. बिजागरीच्या पानांना मिस्त्रींनी चार-चार वाकडे खिळे झाळून घेतले आणि ते जाळीत गुंतवले. ही त्यांची कल्पना. नुसत्या स्क्रूवर ते राहिलं नसतं.

सेंट्रिंगच्या बाबतीत मी त्यांना एक जुना फोटो दाखवला. साल्गिना घळीच्या तळापासून वर उमललेला लाकडी सांगाडा, पंख्यासारखा. तो रिचर्ड कोराय या सांगाडे बांधण्यात नाव कमावलेल्या कारागिरानं उभा केला होता. मिस्त्रींनी फोटो खिडकीपाशी नेला, उजेडात धरला आणि बराच वेळ एकेक तिरकी बल्ली बोटानं मोजत राहिले. फोटोत पूल अजून नाहीच. नुसतं लाकूड आहे. ‘इंजिनिअरचं नाव होतं, पण आधी ह्यो मानूस,’ एवढंच बोलले. तो फोटो त्यांनी मागून घेतला. आता शेडमध्ये रंध्याच्या वरच्या खिळ्याला लावलेला आहे.

त्या सांगाड्यातही मायारचा काटकसरीचा हिशेब होता. लाकूड महाग, घळ खोल. म्हणून सांगाडा पूर्ण पुलाचं ओझं घेण्याइतका केलाच नाही. फक्त खालची कमानफरशी पेलण्याइतका केला. ती आधी ओतली, घट्ट होऊ दिली. मग तिनंच भिंती आणि रस्त्याचं ओझं उचलायला मदत केली. आम्हीही तसंच केलं. सहा मिलिमीटर प्लायच्या फासळ्या, वर वाकवलेली पातळ प्लाय. फळ्यांचे ठसे उमटावेत म्हणून मिस्त्रींनी सागवानाच्या चार-चार मिलिमीटर रुंदीच्या काड्या चिरून त्या प्लायवर एकीला एक लावून चिकटवल्या. दोन काड्यांत केसाएवढी फट. खऱ्या पुलावर अशा फळ्यांच्या खुणा आहेत. वरून पाणी झिरपून काँक्रीट खराब झालं होतं, म्हणून १९९७-९८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, तेव्हाही नव्या थरावर फळ्यांच्या खुणा मुद्दाम पुन्हा उमटवल्या. लाकूड गेलं तरी त्याचा ठसा राहिला पाहिजे, हा आग्रह मला फार भावतो.

ओतण्याच्या दिवशी मी सकाळी आठला दुकानात होते. फर्म्यावर करडईच्या तेलाचा हात फिरवलेला. मिस्त्री आणि त्यांचा मुलगा दोन्ही पायथ्यांकडून एकाच वेळी माथ्याकडे थापत निघाले. एका बाजूनं केलं तर फर्मा दुसऱ्या बाजूला कलतो, हे मी सांगायच्या आधीच त्यांना ठाऊक होतं. लहान थापी, ओल्या बोटानं जाळीत दाबलेला माल, मधूनमधून फर्म्याच्या बुडाला लाकडी हातोडीची टकटक. पावणेदोन तास लागले. वर ओलं गोणपाट. सात दिवस दिवसातून चार वेळा पाणी. मुलगा रात्रीसुद्धा उठून मारायचा, असं त्याच्या आईनं मला सांगितलं.

सात दिवसांनी भिंती, आणखी आठवड्यानं रस्ता. रस्त्याच्या फरशीला माथ्यावर फट ठेवायची, ती ठेवली नाही तर बिजागरी असून नसल्यासारखी. इथं एक चूक झाली. मुलानं फटीत सिमेंट भरून साफ पुसून टाकलं, ‘दिसायला चांगलं’ म्हणून. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा मिस्त्रींनी स्वतःच करवतीच्या पात्यानं ती फट पुन्हा कापली होती. पण कापताना कडेचा नखाएवढा टवका उडाला. तो अजून दिसतो.

सेंट्रिंग काढलं तो क्षण सांगायलाच हवा. फासळ्यांखाली पाचरी होत्या. मिस्त्रींनी मधली पाचर आधी सैल केली, मग दोन्हीकडची एकेक, आलटून-पालटून. शेवटची पाचर निघाली तेव्हा ‘टक्’ असा बारीक आवाज आला. माझा हात आपसूक कमानीखाली गेला. कमान उभी होती. प्लाय आणि सिमेंट यांच्यामध्ये कागदाएवढा उजेड दिसत होता. मिस्त्री खाली वाकले आणि त्या उजेडातून पलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘सुटली.’

आता तक्रार. कमानीचा पायथ्याशी बाहेरच्या बाजूला रेटा असतो. आमच्या प्रतिकृतीत गाळ्यावरचं वजन साधारण बावीस किलो, आणि हिशेब केला तर ती दोन्ही टोकांना जवळपास वीस किलोनं बाहेर रेटते. म्हणून बुडाची फळी भक्कम आणि सरळ राहणारी हवी, असं मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मिस्त्रींनी दुकानात पडलेली बाभळीची फळी वापरली. पुरती वाळलेली नव्हती. जूनमध्ये प्रतिकृती शाळेत नेली आणि जुलैच्या भिज पावसात ती फळी मुरगळली. एका टोकाचा ठोकळा तीन मिलिमीटर बाहेर सरकला. दोरी लावून पाहिलं तर माथा पाच मिलिमीटर खाली बसला होता.

मी भिंग घेऊन सबंध कमान तपासली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत, खालून, वरून, भिंतींच्या कोपऱ्यांत. एक चीर नव्हती. बिजागऱ्या वळल्या होत्या आणि कमान मोकळी होती. ॲक्रिलिकची ती दोन किलोंत तडकलेली आठवली. मी शाळेच्या ओट्यावर बसले आणि गुरुजींना म्हटलं, सातवीच्या मुलांना आत्ताच बोलवा, फळी दुरुस्त व्हायच्या आधी. त्या दिवशी मी जो धडा घेतला तसा माझ्याकडून नोकरीत कधी झाला नाही. मुलांनी स्वतः दोरी धरून पाच मिलिमीटर मोजले, मग चीर शोधली, आणि सापडेना तेव्हा एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, मंग आपल्या माळवदाला बिजागरी बसवता आली असती का?’ तिचे आजोबा किल्लारीजवळच्या गावचे. मी तिला सांगितलं की माळवदाचा प्रश्न वेगळा होता, तिथं दगड एकमेकांना धरून नव्हते आणि वर वजन फार होतं. तेवढं उत्तर तिला पुरलं नाही, आणि पुरायलाही नको होतं. पुढच्या शनिवारी आम्ही काड्यापेट्या आणि माती घेऊन बसलो.

मिस्त्रींना फोन केला. दुसऱ्या दिवशी एसटीनं आले, लोखंडी अँगलची चौकट सोबत घेऊन. फळी काढली, चौकट बसवली, ठोकळे बोल्टनं आवळले. मजुरी घेतली नाही. अँगलचे पैसे मी बळेच दिले. ‘माझीच चूक हाय,’ ते दोनदा म्हणाले. नंतर त्यांनी मुद्दाम तो ठोकळा पाचरीनं पुन्हा एकदा हलवून माथा खाली-वर होताना पाहिला. तीन-चारदा. मग मुलांनीही तसंच करून पाहिलं. आता ती पाचर चौकटीला दोरीनं बांधून ठेवली आहे, शाळेत येणारा प्रत्येक जण ती आधी हलवतो.

नेण्या-आणण्याबद्दल एक सांगते. एवढी लांब वस्तू छोट्या हत्तीत आडवी मावत नाही. माथ्याच्या बिजागऱ्यांच्या खिट्या काढल्या की पुलाचे दोन सुटे भाग होतात, मग आरामात मावते. खड्ड्यांच्या रस्त्यानं दोन्ही भाग गाद्यांवर ठेवून नेले, टवकासुद्धा उडाला नाही. खिट्या निघणाऱ्या हव्यात, हे आधीच सांगा. काही बिजागऱ्यांच्या खिट्या ठोकून पक्क्या केलेल्या असतात.

भाराची परीक्षा गावच्या किराणा दुकानातून मागून आणलेल्या वजनांनी घेतली. पाव अंतरावर पाच किलो, मग दहा. दहाच्या पुढे मी जाऊ दिलं नाही. मुलांना पंधरा ठेवायचे होते.

पैसे: चौदा हजार ठरले होते, साडेसोळा हजार झाले. वाढ पितळी बिजागऱ्या आणि झाळकामाची, हिशेब कागदावर दिला. वेळ: तीन आठवडे म्हणाले, सात लागले. मधे लग्नसराई होती, पलंग-कपाटांची घाई. त्यांनी ते आधी सांगितलं असतं तर मी उन्हाळ्याऐवजी दिवाळीनंतर काम दिलं असतं. तुम्ही तसंच करा. लग्नसराईत जाऊ नका, आणि अशा कामाला पावसाळाही चांगला नाही.

रंगकाम त्यांच्याकडून करून घेऊ नका. नदी, झाडं, डोंगर असलं काही सुचवतील, नाही म्हणा. सिमेंटचा रंग आणि फळ्यांचे ठसे तसेच राहू द्या. काँक्रीटवर बोट फिरवलं की काडीची रेघ बोटाला लागते, मुलं तेच करत बसतात.

जाताना नकाशा पूर्ण मापात काढून न्या, कमानीचा आकार एकास एक कागदावर. मिस्त्री इंग्रजी वाचत नाहीत, पण रेघ चुकली तर लगेच पकडतात. माझ्या नकाशात उजव्या पायथ्याची जाडी डाव्यापेक्षा दोन मिलिमीटर जास्त पडली होती. तीही त्यांनीच दाखवली. सध्या त्यांच्याकडे एका कॉलेजच्या मुलांचं काम चालू आहे. झुओझचा पूल, चिरा पडायच्या आधीचा, आणि शेजारी तावानासा. दोन्ही एकाच फळीवर मांडायचे आहेत, आणि यावेळी फळी सागवानाची आहे.